कच्ची वही नंतर भरणारी मुलं

मराठी शिकवणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई ठाण्यात राहतात आणि नेरुळच्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवतात. या वर्षी शाळेत एक ट्रेनिंग झालं आणि तेव्हापासून निबंध पाच पायऱ्यांत शिकवायचा असं ठरलं. सोमवारी मुद्दे, मंगळवारी रफ, बुधवारी सुधारणा, गुरुवारी शुद्धलेखन, शुक्रवारी फेअर. सुपरवायझर वह्या बघतात, पाचही पायऱ्या वहीत दिसाव्या लागतात. ताईंनी हे मनापासून केलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बरीचशी मुलं घरी आधी फेअर लिहून टाकतात आणि त्यावरून रफ तयार करतात, रफ खरा वाटावा म्हणून दोनचार शब्द मुद्दाम खोडतात. वर्गात ५४ मुलं आहेत. पालक म्हणतात, बोर्डात कोण रफ लिहितं, त्यापेक्षा चांगले वीस निबंध लिहून द्या. एक सहकारी सर म्हणतात हे सगळं परदेशी आहे, मराठीला लागू होत नाही. आणि ताई स्वतः एका दिवाळी अंकासाठी ठाण्यातच चरई भागात असलेल्या आजीच्या घरावर लेख लिहायला बसल्यात तर पहिल्या परिच्छेदाच्या पुढे जात नाहीयेत, एक वाक्य लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं. "ज्या पायऱ्या मला स्वतःला चढता येत नाहीत त्या मी मुलांना कशा शिकवू? सरळ पूर्वीसारखे निबंध लिहून द्यावेत का?" असं त्या विचारतात. सोबत नववीतल्या एका मुलाच्या वहीच्या दोन पानांचे फोटो आहेत, नाव झाकलेलं.

ताई, नमस्कार.

रफ-फेअरपासूनच सुरुवात करते कारण तुम्हाला त्याचा सगळ्यात जास्त त्रास झालेला दिसतोय, "मुलं मला फसवतायत" असं तुम्ही लिहिलंय. मला नाही तसं वाटत. मुलांनी शाळेची पद्धत बरोबर ओळखलीये. वहीत पाच पानं दिसली पाहिजेत आणि मार्क पाचव्या पानाला आहेत, मग आधी पाचवं करायचं आणि मागची भरून काढायची, सायन्सच्या जर्नलमध्ये उत्तरावरून रीडिंग उलटी काढणारी मुलं असतात ना, तसंच आहे हे. आता मला सांगा, रफ लिहून त्या मुलांना मिळत काय होतं? मंगळवारी लिहिलेलं बुधवारी कुणी वाचत होतं का? तुमच्या पत्रावरून तरी वाटतं की नाही, बुधवारी प्रत्येकाने आपापलं पान काढून आपणच सुधारणा करायची होती. चौदा वर्षाच्या मुलाला कालच लिहिलेल्या पानात काय सुधारायचं ते कसं कळणार, त्याला ते बरोबरच वाटतं, म्हणून तर त्याने तसं लिहिलं. मग तो काय करतो, 'सुंदर' खोडून 'मनमोहक' करतो, आणि झाली सुधारणा.

आणि हे पाच वारांचं वेळापत्रक आलं कुठून ते पण एकदा बघायला हवं, कारण तुम्ही त्याला फारच पक्कं धरून बसलाय. ही सगळी चर्चा सुरू झाली ती साधारण पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत. १९७१मध्ये जॅनेट एमिग नावाच्या बाईंचा अभ्यास छापून आला, त्यात त्यांनी शिकागोकडच्या बारावीच्या ८ मुलांना बोलत बोलत लिहायला सांगितलं, म्हणजे डोक्यात काय चाललंय ते तोंडाने सांगत जा आणि लिहीत जा, आणि त्यांना दिसलं की शाळेत सांगतात तसं सरळ रेषेत कुणीच लिहीत नाही. १९७२मध्ये डोनाल्ड मरे यांनी मास्तरांना सांगितलं की तयार झालेला निबंध तपासत बसू नका, तो होत असताना शिकवा. हे मरे मुळात पत्रकार, पत्रकारितेतलं मोठं मानलं जाणारं पुलित्झर पारितोषिक १९५४मध्ये मिळालेले. त्यांचा अंदाज असा होता की लिहिणाऱ्याचा ८५ टक्के वेळ कागदावर काही उतरायच्या आधीच जातो, प्रत्यक्ष खर्डा काढायला अगदी १ टक्का पण पुरतो, आणि उरलेले १४ टक्के पुन्हा लिहिण्यात. हा त्यांच्या अनुभवाचा आकडा आहे, मोजून काढलेला नाही, पण आपल्याकडे बरोबर उलटं चालतं ते बघा, विषय दिला की लगेच "चला, लिहा". पुढे १९८१मध्ये लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोघांनी अशाच बोलत बोलत लिहिणाऱ्या माणसांवरून मांडलं की ठरवणं, लिहिणं आणि मागे वळून बघणं ही तिन्ही कामं लिहिताना कधीही एकमेकांत घुसतात, तिसऱ्या वाक्याला माणूस परत विचार करायला जातो, शेवटाला आल्यावर सुरुवात बदलतो. म्हणजे ज्यांच्या कामातून हे आलं त्यांनी सोमवार-मंगळवार कुठेच सांगितलेला नाही, ती शाळेच्या टाइमटेबलची सोय आहे. सोय म्हणून वाईट नाही, ५४ मुलं म्हटल्यावर काहीतरी वार ठरवावेच लागतात, पण एखाद्या मुलाला गुरुवारी नवीन मुद्दा सुचला तर त्याला "आता उशीर झाला" असं सांगायचं कारण नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोंकडे येते, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्या पानावर आहे.

विषय 'मी अनुभवलेला पाऊस'. फेअरचं पान नीटनेटकं. "पावसाळा हा ऋतू सर्वांनाच हवाहवासा वाटतो. चोहीकडे हिरवेगार गालिचे पसरतात. मोर आपला पिसारा फुलवून नाचू लागतात." शेवटी "अशा प्रकारे पाऊस आपल्याला जीवन देतो." त्याला तुम्ही ८ पैकी ६ दिलेत. रफच्या पानावर जवळजवळ हीच वाक्यं आहेत, 'पाउस'ला लाल गोल आणि वर 'पाऊस', 'आणी'ला लाल गोल आणि वर 'आणि'. आणि डाव्या समासात, पेन्सिलने, तिरकं, बारीक अक्षरात एक ओळ आहे जी त्याने नंतर आडवी रेघ मारून खोडलीये. मी फोटो मोठा करून वाचली. "बाबांची रिक्षा बंद पडली ते लिहू का". प्रश्नचिन्ह पण नाही दिलेलं.

या पानाबद्दल तुम्ही पत्रात एवढंच म्हटलंय की मुलगा बरा लिहितो पण पान गचाळ असतं. ताई, ही वही खोटी नाही. या मुलाने रफ खरोखर आधी लिहिलाय, लिहिता लिहिता त्याला त्याचा स्वतःचा पाऊस आठवला, तो निबंधात चालेल का अशी शंका आली, विचारायला कुणी नव्हतं म्हणून त्याने समासालाच विचारलं, आणि मग स्वतःच नको म्हणून खोडून टाकलं. त्याला मोर चालतो हे माहीत आहे, पुस्तकात मोर असतो. रिक्षा चालते का हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही. तुमचा पेन 'पाउस'वर थांबला आणि तिथून वरच्या बोटभर जागेत जे लिहिलं होतं ते राहून गेलं. याचा दोष मी तुम्हाला देत नाहीये, ५४ वह्या समोर असताना नजर चुका शोधतच फिरते, कुणाचीही.

मंगळवारी तुम्ही त्या बाकाजवळून जाताना ती ओळ दिसली असती आणि तुम्ही एवढंच म्हणाला असतात की "लिही की, कुठे बंद पडली?", तर काय झालं असतं? समजा तो म्हणाला, स्टेशनजवळ, पाण्यात. मग कोणी ढकलली? मी आणि बाबांनी. पॅसेंजर होते का? होते, ते उतरून गेले, पैसे नाही दिले. बाबा काय म्हणाले? काहीच नाही म्हणाले, घरी आल्यावर सीट काढून पंख्याखाली ठेवली. हे मी माझ्या मनाने रचतेय, त्याची खरी गोष्ट वेगळी असेल, पण अशा चार प्रश्नांत निबंध उभा राहतो. आणि मग हिरवेगार गालिचे तुम्हाला काढायला सांगावे लागत नाहीत, पंख्याखालची सीट लिहिल्यावर तो स्वतःच बघेल की इथे मोराचं काही काम नाही. याला मी सुधारणा म्हणते. तुमच्या बुधवारी आणि गुरुवारी दोन्ही दिवशी प्रत्यक्षात शुद्धलेखनच होतंय, बुधवारचं खरं काम होतच नाहीये.

तुमच्या एकट्या वर्गाची गोष्ट नाही ही. १९८०मध्ये नॅन्सी सॉमर्स यांचा अभ्यास छापून आला, त्यात त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची २० मुलं आणि लिहिण्याची सवय असलेली २० मोठी माणसं घेतली, त्यांच्याकडून लेख लिहून घेतले आणि पुन्हा पुन्हा लिहायला लावले. मुलांनी मुख्यतः शब्द बदलले. सवयीच्या लेखकांनी आधी हे बघितलं की मला म्हणायचं काय होतं आणि वाचणाऱ्याला ते पोचतंय का, आणि त्यासाठी अख्खे तुकडे हलवले, टाकून दिले. मुलं आळशी होती म्हणून असं झालं नाही, 'पुन्हा लिहिणं' म्हणजे शब्द बदलणं हेच त्यांना शिकवलं गेलं होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पायऱ्या सोडू नका, पण पाचही पायऱ्यांवर सारखा वेळ घालवणं सोडा. सगळा जोर एका जागेवर लावा, तो म्हणजे लिखाण कच्चं असतानाच दुसऱ्या माणसाने ते वाचणं किंवा ऐकणं, आणि त्या वेळी हातात पेन नसणं. बाकीच्या पायऱ्या त्याच्या आजूबाजूला आपोआप जागेवर बसतात.

५४ मुलांत हे कसं करायचं ते सांगते. रफ वर्गातच लिहून घ्या, घरी अजिबात देऊ नका, म्हणजे गाइडमधून, मोबाइलवरून, चॅटजीपीटीवरून उतरवून आणायचा प्रश्नच निम्मा मिटतो. पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, थांबायचं नाही, शब्द आठवला नाही तर मोकळी जागा सोडायची. मग दोघादोघांनी बसायचं, लिहिणाऱ्याने आपलं मोठ्याने वाचायचं आणि ऐकणाऱ्याने वही हातात घ्यायची नाही. हे महत्त्वाचं आहे, वही हातात आली की तो लगेच ऱ्हस्व-दीर्घ काढायला लागतो, मुलं आपली नक्कल फार छान करतात. ऐकून झालं की त्याने दोनच गोष्टी सांगायच्या, मला कुठे अजून ऐकावंसं वाटलं आणि मला कुठे कळलं नाही. "छान आहे" चालणार नाही. पहिल्या खेपेला गोंधळ होईल, हसतील, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बसतं. तुम्ही त्या वेळात बाकांमधून फिरायचं आणि समास वाचायचे. एका पिरियडमध्ये आठ-दहा मुलांपर्यंत पोचाल, पुढच्या वेळी दुसरी आठ-दहा.

आणि हे प्रत्येक निबंधाला करायचंच नाहीये. एका टर्मला दोन निबंध असे पूर्ण करा, खालपासून वरपर्यंत. बाकीच्या विषयांना एखादंच काम करा, कधी नुसते मुद्दे काढून सोडून द्यायचं, लिहायचंच नाही, कधी नुसती सुरुवात तीन प्रकारे लिहायची, कधी मागच्या महिन्यातल्या निबंधाचा फक्त शेवट बदलायचा. मुद्दे काढतानाही मधे विषय आणि भोवती मुद्दे असं जाळं काढायची सक्ती नको. काही मुलं गोल काढून त्याला पाय फोडत बसतात आणि त्यातच पिरियड जातो, काहींना शेजारच्याला तोंडी सांगितलं की सुचतं, त्यांना सांगू द्या.

सुपरवायझरना पुरावा लागतो म्हणताय, तर तो असाच द्या ना. वहीत डाव्या पानावर रफ, उजव्या पानावर त्यानंतरचं, आणि खाली मुलाने एका ओळीत लिहायचं की मी काय बदललं आणि कुणाचं ऐकून बदललं. ही ओळ खोटी लिहिणं खरी लिहिण्यापेक्षा अवघड आहे. चार मार्क त्या बदलाला ठेवता आले तर ठेवा, मार्क शेवटच्या पानालाच राहिले तर मुलं परत शेवटच्या पानापासूनच सुरू करणार. सुपरवायझरशी बोलायला जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, एका मुलाची दोन पानं घेऊन जा, आधीचं आणि नंतरचं, आणि त्यांना वाचायला द्या.

शुद्धलेखनाबद्दल माझं मत जरा कडक आहे, ते झालंच पाहिजे, फक्त शेवटी. पण शेवटी म्हणजे सगळं एकदम पण नको. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम एका निबंधात कुणाला येणार? एका निबंधाला एकच नियम धरा. या खेपेला शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, 'आणि', 'नि', 'परंतु' असे मोजके शब्द सोडून, बाकी काही बघणार नाही असं जाहीर करा आणि खरंच बघू नका, लाल पेन आवरा. पुढच्या खेपेला दुसरा नियम. वर्षभरात बऱ्यापैकी नियम होतात आणि मुलाला आपण कशात सुधारलो ते कळतं तरी, नाहीतर लाल झालेलं पान बघून त्याला एवढंच कळतं की आपल्याला मराठी येत नाही.

याच्याशी जोडलेली अजून एक गोष्ट, नवी मुंबईत शिकवता म्हणून मुद्दाम लिहितेय. तुमच्या वर्गात आगरी-कोळी घरांतली मुलं असणार, कोपरखैरणे-घणसोलीकडून येणारी माथाडी कुटुंबांतली सातारकडची असतील, विदर्भ-मराठवाड्यातली असतील, घरी अर्धं हिंदी बोलणारी तर असतीलच. ही मुलं दुसऱ्या वाक्याला अडतात ती सुचत नाही म्हणून नाही, सुचलेलं पुस्तकी मराठीत कसं सांगायचं ते येत नाही म्हणून. म्हणून मोर येतो, मोराचं वाक्य तयार मिळतं. पहिला खर्डा घरच्या बोलीत लिहा असं त्यांना एकदा स्पष्ट सांगा, हिंदी-इंग्रजी शब्द आला तर येऊ दे, नंतर बसून बदलू. आणि बदलताना सगळं बदलायला लावू नका, आजीच्या तोंडचं वाक्य असेल तर ते आजी बोलते तसंच राहू दे, बाकीचं प्रमाण मराठीत आणा. मला वाटतं बोलीतल्या मुलांना पायऱ्यांचा सगळ्यात जास्त उपयोग इथे होतो, एकाच वेळी सुचवायचं पण आणि भाषा पण सांभाळायची हे ओझं दोन वेगळ्या दिवसांत वाटलं जातं.

तुमच्या सहकारी सरांचं, हे परदेशी आहे वगैरे. अमेरिकेतली नावं मी पण वर घेतलीच, ती घ्यावीच लागतात, पण सरांना एकदा ज्ञानेश्वरीची आठवण करून द्या. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ती श्रोत्यांसमोर सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, शके १२१२ म्हणजे १२९० साल, हे ग्रंथाच्या शेवटीच येतं. नववा अध्याय सुरू होतो तोच "तरी अवधान एकलें दीजे" असं श्रोत्यांना विनवून, ऐकणारा समोर बसलेला आहे आणि त्याचं लक्ष आहे की नाही याची काळजी त्या ओव्यांत जागोजागी आहे. आणि पुढे १५८४मध्ये एकनाथांनी हातोहात नकला होताना शिरलेले चुकीचे पाठ काढून शुद्ध प्रत तयार केली. म्हणजे आधी कुणासमोर तरी सांगणं, मग लिहिणं, आणि त्यानंतर शुद्ध करणं, ही कामं वेगवेगळी आहेत हे मराठीला नवीन नाही. नववीच्या निबंधाची आणि ज्ञानेश्वरीची बरोबरी करायची नाहीये मला, पण आपल्याकडे हे नव्हतंच हे म्हणणं खरं नाही.

आता पालक. त्यांना उडवून लावू नका, त्यांची काळजी खरी आहे. पण त्यांच्यासमोर दहावीचा पेपरच ठेवा. कुमारभारती म्हणजे मराठीच्या पेपरच्या ८० मार्कांत उपयोजित लेखनाला २४ आहेत, आणि त्यात निबंध हा एक भाग, बाकी पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा वगैरे. जाहिरात कशाची येईल, बातमी कशाची येईल, कथेचे मुद्दे कोणते असतील हे आधी कुणाला माहीत नसतं. वीस पाठ निबंध तिथे काही कामाला येत नाहीत, निबंधाचा विषय जरा फिरवून आला तरी येत नाहीत. आणि परीक्षेत रफ लिहीत नाहीत हे अगदी बरोबर आहे, पण परीक्षेत पहिली दोन-तीन मिनिटं गप्प बसून काय सांगायचं ते ठरवणारं मूल आणि प्रश्न वाचल्या वाचल्या "पावसाळा हा ऋतू" सुरू करणारं मूल यांचे पेपर वेगळे दिसतात. वर्षभर सावकाश केलेलं काम तीन तासांत मनातल्या मनात पटकन होतं. नववीच्या शेवटी मुलांना घड्याळ लावून पण लिहायला द्या, चार शब्द बाजूला टिपायचे आणि लिहायचं, म्हणजे पालकांचाही जीव भांड्यात पडेल आणि मुलांनाही सवय होईल.

निबंध लिहून देण्याच्या पर्यायाला मी सरसकट नाही म्हणत नाहीये. ज्या मुलाला एक परिच्छेद जमत नाही त्याला नमुना लागतो, निबंध कसा दिसतो हे न बघता तो कसा लिहिणार. फक्त नमुना पाठ करायला देऊ नका आणि शक्यतो तो त्यांचा खर्डा झाल्यावर द्या, आधी दिला की सगळे ५४ निबंध त्याच्यासारखे येतात. आणि पुस्तकी नमुन्यापेक्षा वर्गातल्याच एखाद्याचा चालतो, त्याची परवानगी घेऊन. रिक्षावाल्या निबंधाबाबत तर नक्की विचारा त्याला, बाबांची गोष्ट आहे, तुम्हाला वाचायला दिली म्हणून ती वर्गासमोर वाचायची त्याची तयारी असेलच असं नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुम्ही सगळ्यात आधी विचारायला हवा होता. स्वतःला जमत नाही तर शिकवू कशी. तुम्ही अडकताय हे तुमच्या मुलांनी कधी बघितलंय का? त्यांनी तुमचं फक्त फळ्यावरचं सुंदर अक्षर बघितलंय. एक पिरियड असा करा की विषय मुलांनाच द्यायला सांगा, तुम्ही तयारी करून जाऊ नका, खडू घ्या आणि त्यांच्यासमोर लिहा, दहा मिनिटं, मनात येतंय ते मोठ्याने बोलत. "इथून सुरू करू का, नको, हे सगळेच लिहितात. काल स्टेशनवर बघितलं ते घेऊ. हे वाक्य लांबलं. राहू दे, नंतर बघू." खोडा, बाण काढा, मधेच घुसवा. मुलांनी मोठ्या माणसाला लिहिताना चाचपडताना बघितलेलंच नसतं, त्यांना वाटतं ज्यांना येतं त्यांना पहिल्या फटक्यात येतं. पाच पायऱ्यांचा चार्ट भिंतीला लावून जे कळत नाही ते या दहा मिनिटांत कळतं, आणि त्यासाठी अडखळणाराच माणूस लागतो.

आणि तुमचा लेख. तुम्ही पहिला परिच्छेद पाठवलाय, "ठाणे हे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते", मासुंदा, उपवन, मग चरई, मग घराचं वर्णन. पुन्हा पुन्हा पुसताय कारण त्यात तुमचं काही नाहीये, कितीही शब्द बदलले तरी ते वाक्य तुमचं होणार नाही. पण पत्रात खाली, जाता जाता, कंसात तुम्ही एक वाक्य टाकलंय की दुपारी सगळे झोपले की आजी स्टोव्हची पिन शोधत घरभर फिरायची आणि ती पिन कायम तिच्याच पदराला टोचलेली असायची. ताई, हे तुम्ही समासात लिहिलंय. लेख तिथून सुरू करा, तलाव लागलेच तर नंतर येतील. ती पिन, ती दुपार, कोण कुठे झोपलेलं असायचं, स्टोव्हचा आवाज, एवढंच आधी लिहून काढा, कागदावर, पेनने, मोबाइलवर नको कारण मोबाइलवर पुसणं फार सोपं आहे. सकाळची नेरुळ गाडी ठाण्यातूनच सुटते, बसायला मिळालं तर तुर्भ्यापर्यंत एक पान होतं. मागचं वाचायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुढचं पान. सुरुवात कुठली ठेवायची ते सगळी पानं झाल्यावर ठरवा, बहुतेक ती तिसऱ्या-चौथ्या पानावर सापडेल.

झालं की स्टाफरूममध्ये दाखवू नका, तिथे सगळे आपल्यासारखेच, आधी वेलांट्या बघतील. ते घर बघितलेला कुणी मामा, मावशी असेल तर त्यांना फोनवर वाचून दाखवा, आणि घर न बघितलेल्या एका माणसाला पण. मामाला विचारा काय राहिलं, दुसऱ्याला विचारा कुठे कळलं नाही. त्यानंतर पुन्हा लिहा आणि मग शुद्धलेखन. संपादकांना मात्र आत्ताच फोन करून शब्दमर्यादा आणि शेवटची तारीख विचारून घ्या, बऱ्याच दिवाळी अंकांचा मजकूर गणपतीच्या आधीच हातात लागतो त्यांना, आणि तुम्हाला मामाला वाचून दाखवायला एखादा रविवार मोकळा ठेवायला हवा.